दोष शोधणे आणि दोष देणे

मराठीत ‘दोष’ या शब्दाला अनेक क्रियापदे जोडता येतात. दोष असतो, दोष दिसतो, दोष काढतात, दोष शोधतात, दोष देतात आणि सुदैवाने कधी कधी दोष दूरही करतात. यांपैकी ‘शोधणे’ आणि ‘देणे’ ही दोन क्रियापदे आपण व्यवहारात अशी सरमिसळ करून वापरतो की त्यांच्यातील अंतर ध्यानातच येत नाही. वास्तविक ती परस्परांच्या उलट दिशेने जाणारी आहेत. जो शोधतो त्याला उत्तर ठाऊक नसते, म्हणून तो विचारतो, थांबतो, पाहतो. जो देतो त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते; त्याला ते टाकण्यासाठी केवळ कुणाचा तरी पदर हवा असतो. काही बिघडले म्हणजे माणसाने प्रथम काय करावे, आणि दोष सापडल्यानंतरही तो कुणाच्या माथी मारण्याचा अधिकार आपल्याला कितपत पोचतो, हा नीतिविचारातील जुना प्रश्न आहे. त्याची चर्चा आम्ही येथे एका नव्या आणि घरगुती वस्तूच्या आधाराने करू इच्छितो. ती वस्तू म्हणजे अलीकडे आपल्या घरांतून बसू लागलेले मेश वायफाय.

नीतीच्या चर्चेत राऊटर आणि मोबाइल कशाला, असे काही वाचकांस वाटेल. परंतु आपले पूर्वज जाते, रहाट आणि मोट यांच्यावरूनच जीवनाचा विचार करीत आले. जे रोज हाताशी असते त्यावरून विचार सुचतो, आणि तो कळतोही लवकर. शिवाय यंत्राचा एक मोठा गुण असा, की ते रुसत नाही, कुणाचे मन राखत नाही, आणि वडीलधाऱ्यांचा मान ठेवायचा म्हणून खोटेही बोलत नाही. आपली दोष शोधण्याची रीत खरी की खोटी, हे त्याच्यावर तपासून पाहता येते.

पांढुर्णा-सौंसरकडच्या जुन्या घरांची रचना आपल्या वाचकांना सांगायला नको. पुढे ओसरी, मग बैठक, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे परसदार. भिंती दगडमातीच्या आणि चांगल्या रुंद. पुढच्या पिढीने त्यांच्यावर किंवा मागच्या अंगाला सिमेंटचा स्लॅब टाकून खोल्या वाढवल्या. अशा घरात बैठकीत ठेवलेल्या एका राऊटरचा आवाका फार तर माजघरापर्यंत पोचतो. वायफाय मुख्यत्वे दोन पट्ट्यांत चालते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर असते, ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची सुमारे सहा. दुसरी एका वेळी अधिक माहिती वाहून नेते, पण भिंती ओलांडताना लवकर थकते. पावसाळ्यात ओल धरलेली भिंत, सळ्यांचा स्लॅब, पाण्याची टाकी, लोखंडी कपाट हे सारे तिच्या वाटेतले अडथळे होत.

यावर उपाय म्हणून मेश निघाले. मेश म्हणजे जाळे. घरात एकाऐवजी दोन-तीन लहान डबे ठेवायचे. प्रत्येक डब्याला नोड म्हणतात. मुख्य नोड फायबरच्या जोडणीला लागलेला असतो आणि बाकीचे त्याच्या लहरी झेलून पुढे देतात. साऱ्यांचे नाव एक आणि पासवर्डही एक. घरातला माणूस ओसरीतून परसदारी गेला, तर त्याचा मोबाइल एका नोडचा हात सोडून दुसऱ्याचा हात धरील, अशी ही कल्पना. वायफायचे पहिले प्रमाण १९९७ साली ठरले, त्यात मेशच्या रचनेची भर २०११ साली पडली, आणि भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना वापरण्याची मुभा २००५ साली मिळाली. म्हणजे हा सारा व्यवहार एका पिढीच्या आतला आहे, आणि त्यातील दोष ओळखण्याची परंपरा अजून आपल्याकडे तयार झालेली नाही. जिथे परंपरा नसते तिथे माणसाचा मूळ स्वभाव उघडा पडतो.

तो कसा, हे कोणत्याही घरात सायंकाळी दिसते. टीव्हीवरचे चित्र मध्येच थांबते, वरच्या खोलीतला मोबाइल नुसता गोल गोल फिरत राहतो, आणि घरात ‘नेट गेलं’ अशी आरोळी उठते. पहिला आरोप आजोबांवर येतो. ‘आबाजी, तुम्हीच काहीतरी दाबलं असेल!’ मग आजीवर, कारण तिने झाडताना वायर हलवली असणार. मग सुनेवर, कारण तिचा मोबाइल जुना आहे आणि त्यामुळेच सगळ्यांचे नेट हळू चालते, असा समज आहे. शेवटी शेजारच्या मुलावर, कारण त्याला कुणीतरी पासवर्ड सांगितला. ज्याने तो डबा हौसेने आणून मनाला वाटेल त्या कोनाड्यात ठेवला, त्या कर्त्या पुरुषाचे नाव या यादीत सहसा येत नाही.

आमच्या मते या यादीतच मूळ प्रश्नाचे बीज आहे. लहरींचा मार्ग फायबरपासून मोडेमकडे, मोडेमपासून मुख्य नोडकडे, तिथून पुढच्या नोडकडे आणि शेवटी मोबाइलकडे जातो. दोष शोधायचा तर याच मार्गाने चालावे लागते. आरोपाचा मार्ग मात्र वेगळा असतो. तो पाण्यासारखा उताराने वाहतो आणि घरात ज्याचा शब्द सर्वांत हलका त्याच्यापाशी जाऊन साचतो. वृद्ध, नवी आलेली सून, लहान मूल, कामाला येणारी बाई यांच्या दारी तो आधी पोचतो. कारण त्यांना उलट बोलण्याची सोय नसते. अशा वेळी आपण दोष शोधीत असतो असे आपल्याला प्रामाणिकपणे वाटत असते, पण आपण केवळ घरातील अधिकाराची उतरंड पुन्हा एकदा मांडीत असतो.

आता खरी शोधण्याची रीत पाहू. तिची पहिली पायरी प्रश्नांची आहे, आणि ते प्रश्न ‘कुणी केले?’ असे नसतात. एकच यंत्र जोडले जात नाही की सगळीच? एकाच खोलीत की सर्वत्र? केव्हापासून? त्याच्या आधी घरात काय बदलले? या चार प्रश्नांची उत्तरे नीट मिळाली तर पुष्कळसे काम होते. सगळीच यंत्रे बंद असतील तर दोष मुळाशी असण्याची शक्यता मोठी. तेव्हा मोडेमवरचा तांबडा दिवा पाहावा, आणि सुनेचा मोबाइल हातातून काढून घेण्याचे कारण नाही. एकाच खोलीत अडत असेल तर त्या खोलीजवळचा नोड पाहावा. एकच यंत्र सर्व खोल्यांत अडत असेल तर त्या यंत्राचे आणि जाळ्याचे नाते पाहावे.

दुसरी पायरी अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा. घाईचा माणूस नोड हलवतो, पासवर्ड बदलतो, मोबाइल बंद करून चालू करतो आणि हे सारे पाच मिनिटांत उरकतो. नेट आले तरी ते कशाने आले हे त्याला कळत नाही आणि पुढच्या वेळी तो पुन्हा तिथेच येऊन उभा राहतो. बंद करून चालू करण्याच्या उपायाचीही हीच गत आहे. तो निरुपयोगी नव्हे. यंत्राच्या स्मृतीत साचलेली अडगळ त्याने निघून जाते आणि प्रत्येक उपकरणाला जाळ्यातला पत्ता नव्याने मिळतो. पण तो काही शिकवीत नाही. घरातल्या भांडणानंतर ‘जाऊ द्या आता’ म्हणून जो समेट होतो, त्याच्यासारखाच तो आहे. त्या रात्रीपुरता हवा, पण तेच भांडण दर आठवड्याला होत असेल तर पुरेसा नाही. सगळे पुसून कारखान्यातून आल्यासारखे करण्याचे जे बारीक बटण डब्याच्या पाठीशी असते, ते तर अगदी शेवटी दाबावे. कारण त्याने दोषाबरोबर जाळ्याची सारी ओळखही पुसली जाते आणि घरातील प्रत्येक यंत्र पुन्हा पहिल्यापासून जोडावे लागते.

या रीतीने शोधू लागले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. फारच थोड्या वेळी एखादी वस्तू खरोखर बिघडलेली निघते. बहुतेक वेळा प्रत्येक वस्तू आपापल्या जागी धडधाकट असते आणि बिघाड दोन वस्तूंच्या मध्ये असतो.

उदाहरणार्थ, नेट पुरवणाऱ्याने बसवलेला डबा स्वतः राऊटरचे काम करीत असतो, आणि आपण आणलेला मेशचा मुख्य नोडही तेच काम करू लागतो. दोघेही आपापल्या परीने पत्ते वाटतात. एका म्यानात दोन तलवारी म्हणतात तशी स्थिती होते. काही यंत्रे एकाच्या ताब्यात, काही दुसऱ्याच्या. वरच्या खोलीतला मोबाइल खालच्या प्रिंटरला ओळखीतच नाही. दोन्ही डबे दुकानात नेऊन तपासले तर दोन्ही निर्दोष ठरतील. एकाने कारभार सोडून नुसते पोचते करण्याचे काम पत्करले, म्हणजे त्याला ब्रिज मोडमध्ये टाकले, की तंटा मिटतो. येथे दोष कुणाचा? दोघांचाही नाही, दोघांच्या अधिकारांची वाटणी झाली नव्हती, एवढेच.

दुसरे उदाहरण जुन्या मोबाइलचे. नव्या मेशमध्ये सुरक्षिततेचा नवा नियम लावलेला असतो. डब्ल्यूपीए-३ या नावाने तो २०१८ साली आला. त्याच्या आधीच्या पुष्कळशा मोबाइलना तो नियम ठाऊकच नाही. पासवर्ड अचूक टाकला तरी त्यांना दार उघडत नाही आणि घरात मात्र निष्कर्ष निघतो की मोबाइल भंगार झाला किंवा बाईंना पासवर्ड लिहिता येत नाही. तसेच कॅमेरा, दिवा किंवा प्रिंटर यांसारखी कित्येक साधी यंत्रे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. जोडणी करणारा मोबाइल ५ वर असला तर काही यंत्रांची पहिली ओळख होताना अडचण येते. सौंसरच्या लोकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. नागपूर-छिंदवाडा मार्गावरची नॅरोगेज २०१५ साली बंद झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने तिथे ब्रॉडगेज आली. त्याआधी कित्येक दशके पांढुर्ण्याहून मोठी गाडी जात होती आणि सौंसरहून लहान गाडी. लहान गाडीचे डबे मोठ्या रुळांवर चढत नाहीत म्हणून त्यांना कुणी नादुरुस्त म्हटले नाही. रुळांची रुंदी वेगळी, एवढेच म्हटले. जुन्या मोबाइलच्या बाबतीत हा विवेक आपण का विसरतो? नियम नवा आला आणि जुने यंत्र बाहेर राहिले, तर प्रश्न त्या यंत्राच्या लायकीचा नसून, नियम करणाऱ्याने जुन्यांसाठी एखादे दार ठेवले की नाही याचा असतो. मेशमध्ये तसे दार ठेवता येते. जुना आणि नवा असे दोन्ही नियम एकत्र चालवता येतात, किंवा जुन्या यंत्रांसाठी निराळे जाळे काढता येते. सुरक्षितता थोडी कमी होते हे खरे, आणि म्हणून तो निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो. पण तो निर्णय असतो हे तरी मान्य व्हायला हवे.

तिसरे उदाहरण आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटते. परसदारच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून मनुष्य नोड नेऊन नेमका त्याच खोलीत ठेवतो. मोबाइलवर लगेच सगळ्या रेघा भरून दिसतात, पण नेट काही चालत नाही. मोबाइलवरच्या रेघा एवढेच सांगतात की जवळचा नोड जवळ आहे. त्या नोडला स्वतःला काही ऐकू येते की नाही, हे त्या सांगत नाहीत. ज्या जागी मुख्य नोडचा आवाज पोचतच नव्हता, तिथे ठेवलेला नोड पुढे देणार काय? नोड ठेवावा मधल्या वाटेवर, जिथे त्याला मागचे स्पष्ट ऐकू येते आणि जिथून पुढे सांगताही येते. शिवाय एकाच पट्ट्यावर झेलणे आणि देणे दोन्ही करावे लागले तर प्रत्येक टप्प्यावर वेग निम्म्याच्या आसपास येतो, म्हणून टप्पे थोडे असावेत आणि शक्य तिथे मधून केबल टाकावी.

मधल्या टप्प्याचे हे महत्त्व घरापुरते नाही. आयआयटी मुंबईत प्रा. अभय करंदीकर यांच्या मार्गदर्शनाखाली ‘ग्राममार्ग’ नावाचा प्रकल्प पालघर जिल्ह्यातील गावांत राबवला गेला. फायबर एखाद्या ठिकाणापर्यंत येऊन थांबते आणि पाडे मात्र दूर, डोंगराआड राहतात, हा तिथला प्रश्न होता. टीव्हीच्या प्रसारणात न वापरल्या जाणाऱ्या लहरींचा उपयोग करून त्यांनी हा मधला टप्पा जोडला आणि मग गावात वायफाय दिले. २०१७ साली मोझिला संस्थेच्या स्पर्धेत या प्रकल्पाला पहिला पुरस्कार मिळाला. ‘खेड्यातल्या लोकांना इंटरनेट नको असते’ असे म्हणून त्या लोकांच्या माथी दोष मारणे सोपे होते. करणाऱ्यांनी तसे न करता दुवा कुठे तुटला आहे ते पाहिले.

इथवर आमचे म्हणणे मान्य करणारा वाचकही आता एक आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे. दोष नेहमी दोघांच्या मध्येच असतो असे म्हटले तर मग कुणीच जबाबदार नाही असे होईल. चोर आणि कुचराई करणारा दोघेही ‘व्यवस्थेत बिघाड होता’ म्हणून मोकळे सुटतील. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर, पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये, जी गोटमार होते ती आपण सर्वांनी पाहिली आहे. नदीच्या मध्यावर झेंडा असतो आणि दोन्ही काठांवरून दगड येतात. दरवर्षी माणसे जखमी होतात. आजवर अनेकांचे प्राणही गेले आहेत. कुणाचा दगड कुणाला लागला हे सांगता येत नाही. मग ती जखम कुणाचीच नाही काय? दोष एका माणसावर निश्चित करता येत नाही, म्हणून आपण सारे निर्दोष, असे समाधान कोणत्याही विचारी माणसाला मानवणार नाही.

आम्हांस हा आक्षेप टाळायचा नाही. त्याला आमचे उत्तर असे, की दोष आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोष मागे पाहतो आणि विचारतो, कुणी केले? जबाबदारी पुढे पाहते आणि विचारते, आता हे कुणी सावरायचे? दोष एकाच्या अंगावर टाकला की बाकीचे हात झटकून मोकळे होतात, म्हणून तो देण्याची आपल्याला घाई असते. जबाबदारी मात्र निर्दोष माणसावरही येते. नोड चुकीच्या जागी ठेवल्याबद्दल कर्त्या पुरुषाला अपराधी म्हणण्याचे कारण नाही, त्याला ते ठाऊक नव्हते. पण ठाऊक झाल्यावर तो जागेवरून हलवणे हे त्याचेच काम आहे, आणि ठाऊक होऊनही त्याने हलवला नाही, वर सुनेला बोल लावणे चालू ठेवले, तर तो अपराधी आहे. कळणे आणि कळूनही न करणे यांच्यामध्येच खऱ्या दोषाची जागा आहे. दगड कुणाचा लागला हे कळत नसले तरी दगड लागतात हे कळते. आणि जे कळते त्याची जबाबदारी दोन्ही काठांवर येते.

आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. यंत्राची रीत माणसांना जशीच्या तशी लावता येत नाही. नोड पाच वेळा हलवून पाहता येतो. माणसावर असे प्रयोग करण्याचा अधिकार कुणाला नाही. मात्र यंत्राला जे देता येत नाही ते माणसाला देता येते. त्याला विचारता येते. जोडणीच्या प्रत्येक तक्रारीत उत्तम साक्षीदार तोच असतो ज्याचे यंत्र अडले आहे. ते केव्हा अडते, कुठे अडते, कोणत्या खोलीत थोडेसे चालते, हे त्याला सर्वांहून अधिक ठाऊक असते. आणि घरात नेमके त्यालाच शेवटी विचारतात. आजोबांना ‘तुम्ही काय दाबले?’ असे विचारणे आणि ‘तुम्हांला काय दिसले?’ असे विचारणे, यांत शब्दांचा फरक थोडा पण नीतीचा फरक फार मोठा आहे. पहिल्या प्रश्नाने ते आरोपी होतात, दुसऱ्याने साक्षीदार.

ही चर्चा आम्ही केवळ वायफायसाठी केली नाही, हे सुज्ञ वाचकांनी ओळखले असेलच. भोसल्यांच्या अमदानीपासून या भागात नांदणाऱ्या आपल्या घराण्यांत एक तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते, की मुलांची मराठी सुटत चालली. या तक्रारीवरची चर्चाही घरातल्या त्या सायंकाळच्या आरोळीसारखीच चालते. कुणी १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेला दोष देतो, की विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. कुणी हिंदी शाळेला, कुणी टीव्हीला, कुणी मोबाइलला दोष देतो. आणि घराच्या आत तो दोष, उताराने वाहत, बहुधा बैतुल-छिंदवाड्याकडून आलेल्या हिंदी बोलणाऱ्या सुनेपाशी आणि शेवटी त्या मुलापाशी जाऊन थांबतो.

येथे ते चार प्रश्न विचारून पाहावेत. सर्वत्र की एकाच ठिकाणी? बाजारात, शेतावर, संत्र्याच्या तोडणीला, लग्नमांडवात मराठी आजही चालते. अडते ती वाचनात आणि लेखनात. म्हणजे ‘मराठी गेली’ ही आरोळी खरी नाही. जाळ्याचा एक टप्पा अडला आहे. तो कोणता? लिपीचा नव्हे, कारण हिंदी शिकणाऱ्या मुलाला देवनागरी येते. ‘ळ’सारखी थोडी अक्षरे सोडली तर त्याला नवे असे काही नाही. दार उघडे आहे, पासवर्डही बरोबर आहे. मग उरतो तो मधला नोड, म्हणजे आपली मधली पिढी. मुलाजवळ ती आहे, त्यामुळे रेघा सगळ्या भरलेल्या दिसतात. घरात मराठी बोलणारे आईबाप आहेत, आता काय कमी? पण त्या पिढीच्या स्वतःच्या हाती मराठी पुस्तक शेवटचे केव्हा होते? ज्याला मागचे ऐकू येत नाही तो पुढे काय देणार? हा कुणाच्या माथी मारलेला दोष नव्हे. नोकरी, शेती आणि धावपळ यांत ती पिढी अशा जागी जाऊन पडली जिथे मागचा आवाज पोचत नाही. पण हे कळल्यावर थोडे अलीकडे सरकणे, आठवड्याला चार पाने वाचणे आणि मुलाला मोठ्याने वाचून दाखवणे, ही तिची जबाबदारी आहे. आणि तिला ती वेळ मिळावी म्हणून घरातले एखादे काम आपल्याकडे घेणे, ही आम्हा वृद्धांची.

मेशमधील आणखी एक दोष आम्हा वृद्धांना विशेष लागू आहे. कोणत्या नोडला धरून राहायचे हे मुख्यत्वे मोबाइल स्वतः ठरवतो. नोड सुचवू शकतो, पण ते मानायचे की नाही हे मोबाइलच्या हाती असते. कित्येक मोबाइल परसदारी आल्यावरही बैठकीतल्या दूरच्या नोडला चिकटून राहतात. शेजारी जवळचा नोड स्पष्ट बोलत असतो, तरी ते दूरचे क्षीण बोलणे ऐकत बसतात. त्यांना एकदा वायफाय बंद करून पुन्हा चालू करावे लागते, म्हणजे ते जवळचे ओळखतात. आपणही कित्येकदा नागपूर-पुण्याच्या छापील मराठीला असेच चिकटून राहतो आणि इथली, हिंदीचा वारा लागलेली, वऱ्हाडी वळणाची, जामच्या आणि कन्हानच्या काठची बोली सदोष मानतो. नातू तोंड उघडतो तेव्हा आपण त्याची भाषा दुरुस्त करतो; तिसऱ्या दुरुस्तीला तो हिंदीत बोलू लागतो. मग आपण म्हणतो, याला मराठी येत नाही. त्याला येत होती. आपण जवळचा नोड नाकारला.

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला. नवे कारभार सुरू होतात तेव्हा नव्या तक्रारी आणि नवे आरोपही सुरू होतात. कोणत्या तालुक्याकडे काय गेले आणि कुणामुळे काय राहिले, याचे हिशेब मांडले जातात. अशा वेळी दोष शोधण्याची सवय घरातल्या डब्यावर झालेली असेल तर ती उपयोगी पडेल. काही बिघडले असता आपण मुळापासून टप्प्याटप्प्याने चालत यावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, ज्याचे अडले आहे त्याला आधी विचारावे, दोष दोघांच्या मध्ये असू शकतो हे लक्षात ठेवावे, आणि कळल्यानंतर आपल्या वाट्याचे काम दुसऱ्यावर ढकलू नये. यातले काहीच अवघड नाही. अवघड आहे ते इतकेच की उत्तर हाती येईपर्यंत कुणाचेही नाव घेऊ नये. तेवढा वेळ जो गप्प राहू शकतो, त्याच्या घरात नेट उशिरा सुरू झाले तरी चालते; कारण त्या अवधीत आबाजींना, सुनेला किंवा नातवाला मान खाली घालून बसावे लागलेले नसते.